नेपल्समधल्या विषयवार सहली: कोणती घ्यावी, कोणती सोडावी

रोमहून वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आत नेपल्स गाठता येते, तरीही आपल्याकडून इटलीला जाणाऱ्या बहुतेक सहलींत या शहराच्या वाट्याला पॉम्पेईला जाता-येता बसच्या काचेतून दिसणारे बंदर एवढेच येते. ज्यांनी आपला कार्यक्रम स्वतः आखून इथे दोन-तीन दिवस राखून ठेवले आहेत, त्यांची अडचण वेगळी असते. भूमिगत नेपल्स, ख्रिस्ती समाधींचे नेपल्स, काराव्हाज्जोचे नेपल्स, खाद्यपदार्थांचे नेपल्स, मॅराडोनाचे नेपल्स, भुताखेतांचे नेपल्स अशा विषयवार पायी सहलींची इतकी गर्दी आहे, आणि त्यांतली प्रत्येक सहल स्वतःला इतकी अपरिहार्य म्हणवते, की शेवटी माणूस तिकिटाची किंमत आणि प्रवाशांनी दिलेले तारे पाहून निवड करतो.

निवडीचा याहून चांगला निकष आहे. कोणत्याही सहलीबद्दल दोन प्रश्न विचारावेत: गाईड नसेल तर या जागेत प्रवेश मिळतो का, आणि प्रवेश मिळत असेल तर गाईडविना तिथे काही कळते का? नेपल्सपुरते बोलायचे तर या दोन प्रश्नांनी निम्म्याहून अधिक सहली यादीतून आपोआप गळतात, आणि ज्या उरतात त्यांच्यावर खर्च केलेला पैसा सत्कारणी लागतो.

शहराची रचना थोडी समजून घेतली तर हे नीट पटेल. ग्रीक लोकांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात वसवलेल्या नेआपोलिसचे रस्ते आजही वापरात आहेत. पूर्व-पश्चिम धावणारे तीन समांतर रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे अरुंद बोळ, ही ती आखणी. मधला रस्ता आज व्हिया देई त्रिबुनाली म्हणून ओळखला जातो, तर दक्षिणेकडच्या रस्त्याला स्पाक्कानापोली म्हणतात. १९९५ मध्ये युनेस्कोने या जुन्या गावठाणाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मात्र नेपल्स जेवढे आडवे पसरले आहे, तेवढेच ते खाली उतरले आहे. शहर ज्या टफ खडकावर उभे आहे, तो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, पिवळसर आणि इतका मऊ की साध्या हत्याराने कापता येतो. त्यामुळे घरासाठी लागणारा दगड अनेकदा घराच्याच खालून काढला गेला, आणि वर शहर वाढले तशी खाली पोकळी वाढत गेली. कोणत्या सहलीला गाईड लागतो आणि कोणत्या नाही, याचा उलगडा बराचसा या पोकळीत आहे.

जमिनीखालच्या तीन वाटा

"भूमिगत नेपल्स" या नावाखाली वेगवेगळ्या संस्था वेगवेगळ्या भागांत फेऱ्या चालवतात आणि नावे इतकी मिळतीजुळती आहेत की आरक्षण करताना आरंभस्थान वाचून घेणे आवश्यक आहे. सर्वांत जुनी आणि गर्दीची फेरी पियात्सा सान गाएतानो या चौकातून, म्हणजे त्रिबुनाली रस्त्याच्या मध्यावरून, सुरू होते. शंभराहून अधिक पायऱ्या उतरून सुमारे ४० मीटर खोल गेल्यावर ग्रीकांच्या दगडखाणी दिसतात, ज्यांना रोमनांनी पाण्याच्या टाक्या आणि कालव्यांचे रूप दिले. या कालव्यांनी शहराला एकोणिसाव्या शतकापर्यंत पाणी पुरवले. १८८४ च्या कॉलराच्या साथीनंतर, १८८५ मध्ये सेरिनोहून नव्या नळांतून पाणी आले आणि जुनी व्यवस्था विस्मृतीत गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावापासून बचावासाठी हजारो लोक याच टाक्यांत उतरले. भिंतींवर त्यांनी लिहिलेला मजकूर आणि मागे राहिलेल्या वस्तू आजही तिथे आहेत.

फेरीतला सर्वांत लक्षात राहणारा भाग म्हणजे दोन टाक्यांना जोडणारा जेमतेम अर्धा मीटर रुंदीचा बोळ, ज्यातून अंग तिरके करून, हातातल्या लहानशा दिव्याच्या उजेडात पुढे सरकावे लागते. ज्यांना बंदिस्त जागेची भीती वाटते, त्यांच्यासाठी गाईड हा भाग वगळण्याची मुभा देतात, पण ती सांगून मागावी लागते. याच फेरीत पुन्हा वर येऊन एका तळमजल्याच्या घरात नेले जाते. असे रस्त्याला थेट दार असलेले एका खोलीचे घर म्हणजे नेपल्सच्या भाषेत बास्सो. तिथला पलंग बाजूला सरकवला की जमिनीतले झाकण उघडते आणि खाली रोमन नाट्यगृहाचा एक भाग दिसतो. सम्राट नीरोने रंगमंचावर प्रथम पाऊल ठेवले ते नेपल्समध्ये, आणि भूकंपाने नाट्यगृह हादरले तरी त्याने गाणे थांबवले नाही, असे रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे. इथले गाईड हा प्रसंग रंगवून सांगतात, आणि मुलांना तो हमखास आवडतो.

दुसरी वाट गाल्लेरिया बोर्बोनिकाची. बंड झाले तर राजवाड्यातून समुद्राकडच्या छावणीपर्यंत सैन्याला सुरक्षित ये-जा करता यावी म्हणून राजा फेर्दिनांद दुसरा याने १८५३ मध्ये एर्रिको अल्व्हिनो या वास्तुविशारदाकडून हे भुयार खोदायला घेतले. बूर्बाँ घराण्याचे राज्यच गेले आणि भुयार ज्यासाठी खोदले त्या कामाला कधीच आले नाही. युद्धात इथेही आश्रयस्थान झाले आणि नंतर १९७० च्या दशकापर्यंत पोलिसांनी जप्त केलेली वाहने इथे टाकली जात. धुळीने माखलेल्या त्या जुन्या मोटारी आणि स्कूटर अजून तिथेच उभ्या आहेत. हा मार्ग पहिल्यापेक्षा पुष्कळ रुंद आणि उंच आहे, म्हणून ज्येष्ठांना तो अधिक सोयीचा ठरतो. साहसाची आवड असणाऱ्यांसाठी तराफ्यावरून किंवा शिरस्त्राण घालून जाण्याच्या वेगळ्या फेऱ्याही आहेत. मात्र इथे आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच फेऱ्या असतात, तेव्हा कार्यक्रम ठरवण्याआधी वार तपासावा.

तिसरी जागा पहिल्या फेरीच्या दारापासून काही पावलांवर असूनही बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सान लोरेंझो माज्जोरे या गॉथिक चर्चच्या खाली रोमन बाजाराचा एक संपूर्ण तुकडा उघडा केलेला आहे: दुकानांच्या ओळी, धुण्याच्या हौदांसारखी बांधकामे, झाकलेला मंडईचा भाग. इथे गाईडची सक्ती नाही, उतार सौम्य आहे आणि गर्दी कमी असते. थरार अपेक्षित असेल तर इथे निराशा होईल. पण आजच्या रस्त्याच्या बरोबर खाली दोन हजार वर्षांपूर्वीचा रस्ता कसा गेला आहे, हे समजून घ्यायचे असेल तर तिन्हींत हीच जागा सर्वांत स्पष्ट बोलते.

लहान मुले बरोबर असतील तर सान गाएतानोची फेरी, गुडघे दुखत असतील तर बोर्बोनिका, आणि इतिहासाची ओढ असूनही वेळ कमी असेल तर सान लोरेंझो, असा माझा कौल राहील. तिन्ही एकाच मुक्कामात करू नयेत, कारण दुसऱ्या टाकीनंतर दगडी भिंती एकसारख्या दिसू लागतात. कोणतीही निवडली तरी भर उन्हाळ्यातही अंगावर एखादा पातळ स्वेटर असावा.

सानिता आणि सान जेन्नारोच्या समाधी

मला एकाच सहलीची शिफारस करायची मुभा असती, तर ती नेपल्सचा संरक्षक संत सान जेन्नारो याच्या कॅटाकोंबची केली असती. कॅटाकोंब म्हणजे टफ खडकात कोरलेली ख्रिस्ती दफनभूमी. तीही जमिनीखालीच असल्याने वरवर पाहता ती आधीच्या गटातली वाटते, पण दोन्ही अनुभवांत फारसे साम्य नाही. इथे अंग चोरून चालावे लागत नाही. कातळात कोरलेली दालने प्रशस्त आहेत, छत उंच आहे, आणि मार्गाचा मोठा भाग चाकाच्या खुर्चीवरूनही पार करता येतो. अजिंठा-वेरूळचा कठीण बेसॉल्ट पाहिलेल्या माणसाला हा दगड किती सहज कोरला गेला असेल याचा अंदाज हात लावण्याआधीच येतो.

दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेल्या या दफनभूमीत पाचव्या शतकात सान जेन्नारोच्या अस्थी आणल्या गेल्या आणि ती तीर्थस्थान बनली. पुढे ८३१ मध्ये लोंबार्ड राजपुत्र सिको याने त्या अस्थी पळवून नेल्या. या संताचे सर्वांत जुने ज्ञात चित्र इथेच आहे. पण थांबून पाहावे असे दुसरेच एक चित्र आहे. थेओतेक्नुस नावाच्या गृहस्थाच्या कुटुंबाच्या कबरीवर वडील, आई आणि त्यांच्यामध्ये नोन्नोसा ही मुलगी, असे तिघे हात पसरून प्रार्थना करताना रंगवले आहेत. मुलीचे वय लिहिले आहे: दोन वर्षे आणि दहा महिने. निरखून पाहिले तर गिलाव्याचे एकावर एक थर दिसतात, कारण घरातले माणूस गेले की कबर उघडली जाई, आणि पुन्हा बंद केल्यावर चित्र नव्याने काढले जाई. हे थर गाईडने बॅटरीचा झोत तिरका टाकून दाखवल्याशिवाय सहसा लक्षात येत नाहीत. बिशपांच्या दालनात कार्थेजहून परागंदा होऊन आलेल्या क्वोद्वुल्तदेउस या आफ्रिकी बिशपचे सावळ्या वर्णाचे मोझेइक आहे. पाचव्या शतकातले भूमध्य सागरी जग किती मिसळलेले होते, याचा असा पुरावा संग्रहालयातही सहज मिळत नाही.

या सहलीचे दुसरे मोल ती कोण चालवते यात आहे. रिओने सानिता ही शहराच्या तटबंदीबाहेरची खोलगट वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच राजवटीत राजवाड्यांना जोडणारा उंच पूल वस्तीच्या डोक्यावरून गेला आणि ही वस्ती जणू नकाशातून पुसली गेली. गरिबी आणि गुन्हेगारीसाठी तिचे नाव घेतले जाऊ लागले. २००६ मध्ये इथल्या काही तरुणांनी, स्थानिक धर्मगुरूंच्या पाठबळावर, ला परांझा ही सहकारी संस्था स्थापन केली आणि दुर्लक्षित कॅटाकोंब लोकांसाठी खुले केले. आज गाईड, तिकीटघर, देखभाल हे सर्व काम वस्तीतली मुले-मुलीच करतात. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला या रचनेत विशेष रस वाटावा. गाईड बोलता बोलता स्वतःच्या गल्लीबद्दलही सांगतात, आणि त्यामुळे पाचव्या शतकाची माहिती कोरडी राहत नाही.

याच तिकिटात सांता मारिया देल्ला सानिता या चर्चखालचे सान गाउदिओसोचे कॅटाकोंबही पाहता येतात आणि दोन्ही एकाच दिवशी पाहण्याची सक्ती नसते. हे दुसरे ठिकाण अधिक अस्वस्थ करणारे आहे. सतराव्या शतकात डॉमिनिकन भिक्षूंनी प्रतिष्ठितांच्या खऱ्या कवट्या भिंतीत बसवून त्यांच्याखाली रंगाने धड आणि पोशाख चितारले. फार लहान मुलांना इथे नेण्याआधी विचार करावा. कॅटाकोंबपासून सानितामधून चालत जुन्या शहराच्या वेशीपर्यंत नेणारी, "पवित्र मैल" या अर्थाच्या नावाची लांबलचक फेरीही ही संस्था चालवते. अर्धा दिवस हाताशी असेल आणि ती आपल्या तारखांना असेल तर तीच घ्यावी. नसेल, तर कॅटाकोंबची फेरी संपल्यावर वर परत न जाता सानिताच्या बाजूने बाहेर पडावे आणि बाजारातून चालत पालाझ्झो देल्लो स्पान्योलोपर्यंत जावे. फेर्दिनांदो सानफेलिचे या वास्तुविशारदाच्या शैलीतला तिथला अंगणातला दुहेरी जिना, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा, दारातून डोकावूनही दिसतो.

थोडक्यात, पियात्सा सान गाएतानो आणि सान जेन्नारो यांपैकी एकच करायचे असेल तर प्रौढांनी दुसरे निवडावे. पहिल्यात कथा आणि शरीराचा थरार आहे. दुसऱ्यात कला आहे, माणसे आहेत, आणि तिकिटाचा पैसा कुठे जातो ते समोर दिसते.

चित्रे, शिल्पे आणि संग्रहालय

काराव्हाज्जोच्या मागावर नेणाऱ्या सहली अलीकडे बऱ्याच लोकप्रिय झाल्या आहेत. १६०६ मध्ये रोममध्ये एका माणसाचा खून करून हा चित्रकार नेपल्सला पळून आला. त्याची तीन चित्रे आज शहरात आहेत आणि ती तीन वेगळ्या ठिकाणी असल्याने सहलीला आपोआप एक मार्ग मिळतो. यातले "दयेची सात कार्ये" हे चित्र त्रिबुनाली रस्त्यावरच्या प्यो मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेच्या चर्चमध्ये आहे, आणि ज्या वेदीसाठी ते रंगवले गेले त्याच वेदीवर आजही आहे. सात उमरावांनी १६०२ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने त्याच्याकडून सातही सत्कृत्ये एकाच पटावर मागितली, आणि त्याने ती नेपल्सच्या अंधाऱ्या गल्लीत घडवून आणली: तुरुंगाच्या गजांतून बापाला दूध पाजणारी मुलगी, आणि कोपऱ्यातून नेल्या जाणाऱ्या प्रेताची फक्त दोन पावले. खालून पाहिल्यावर वरच्या मजल्यावरील चित्रदालनात जरूर जावे. तिथल्या लहानशा खिडकीतून हे चित्र जवळपास समपातळीवर दिसते.

"संत उर्सुलेचे हौतात्म्य" हे १६१० चे, त्याच्या अखेरच्या काळातले चित्र व्हिया तोलेदोवरच्या गाल्लेरिए दितालियात आहे. संतेच्या मागून डोकावणारा चेहरा स्वतः चित्रकाराचा. व्हार्निश पुरते वाळले नव्हते म्हणून हाताळणाऱ्याने चित्र उन्हात ठेवले आणि व्हार्निश उलट पातळ झाले, अशी तक्रार त्या काळच्या एका पत्रात नोंदलेली आहे. तिसरे, ख्रिस्ताला फटके मारण्याचे चित्र कापोदिमोंतेच्या टेकडीवरच्या संग्रहालयात आहे. ते इतर शहरांत प्रदर्शनासाठी जाऊ शकते, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी टेकडी चढण्याआधी खात्री करावी.

या सहलीला गाईड हवाच का? दारे तिन्ही ठिकाणी साध्या तिकिटावर उघडतात. युरोपीय चित्रकलेची थोडी ओळख असेल तर आदल्या रात्री तासभर वाचून स्वतः जाणे उत्तम, कारण चित्रासमोर हवा तितका वेळ उभे राहण्याची मुभा कोणत्याही गटात मिळत नाही. ख्रिस्ती कथाच अपरिचित असतील, आणि आपल्यापैकी अनेकांना त्या असतात, तर मात्र चांगला गाईड एका चित्रावर अर्धा तास बोलूनही कंटाळा येऊ देत नाही.

सानसेव्हेरो चॅपेलचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. ज्युझेप्पे सानमार्तिनोने १७५३ मध्ये एकाच संगमरवरी शिळेतून घडवलेला, अंगावर पातळ वस्त्र ओढलेला मृत ख्रिस्त पाहण्यासाठी कोणाच्याही भाष्याची गरज नाही. वस्त्राखालून कपाळावरची शीर दिसते, इतके सांगितले तरी पुरे. राजपुत्र राइमोंदो दी सांग्रोने रसायनाने खऱ्या कापडाचा दगड केला ही आख्यायिका "रहस्यमय नेपल्स" नावाच्या रात्रीच्या सहलींत अजूनही चवीने सांगितली जाते. ती ऐकण्यासाठी पैसे देण्यापेक्षा चॅपेलचे वेळेसहित तिकीट ऑनलाइन आधी काढावे, कारण आयत्या वेळी ते मिळेलच असे नाही. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि जागा लहान असल्याने ते बरेच आहे.

राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मात्र गाईडवरचा खर्च वाचवू नये. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियमच्या घरांतून काढलेली चित्रे, मोझेइक, भांडी आणि कांस्यमूर्ती इथे आहेत. शिवाय फार्नेझे घराण्याचा अवाढव्य शिल्पसंग्रह तळमजल्यावर आहे. वस्तू इतक्या आणि फलक इतके त्रोटक की स्वतः फिरणारा माणूस दोन तासांत थकून जातो आणि त्याच्या आठवणीत फक्त मोठी शिल्पे उरतात. "गुप्त कक्ष" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दालनात पॉम्पेईची कामुक चित्रे ठेवलेली आहेत, आणि पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली सुमारे पाव मीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्तीही त्याच कक्षात असते. तिला दीर्घकाळ लक्ष्मी म्हटले गेले, आज अभ्यासक तिला बहुधा यक्षी मानतात. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर इथल्या उत्खननांत मिळाल्या आहेत, आणि म्हणून ती सातवाहनांच्या प्रदेशातून रोमन व्यापाऱ्यांबरोबर गेली असावी असा एक सबळ तर्क आहे. व्हेसुव्हियसने ७९ मध्ये पॉम्पेई गाडले, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. सर्वसाधारण फेरीत गाईड तिच्यासमोर थांबेलच असे नाही. मराठी प्रवाशाने आधी सांगून ठेवावे. तिच्या केसांची रचना, कमरेची मेखला आणि दोन्ही बाजूंच्या लहान दासी पाहण्यासाठी अगदी काचेजवळ जावे लागते.

पॉम्पेईलाही जाणार असाल तर आधी पॉम्पेई आणि नंतर संग्रहालय हा क्रम ठेवावा. रिकामी घरे पाहून झाल्यावर त्या घरांतल्या वस्तू पाहताना प्रत्येक वस्तूला जागा मिळते. उलट केले तर वस्तू विसरल्या जातात आणि घरे ओकीबोकी वाटतात.

खाण्याच्या सहली आणि शाकाहारी पाहुणा

तीन-चार तासांच्या पायी खाद्यसहली साधारणपणे सगळ्यांत महाग असतात, आणि त्यांच्याबद्दलचे मत पुष्कळसे आपण काय खातो यावर अवलंबून आहे. मांस-मासे चालत असतील तर या सहलीची गरज तुलनेने कमी आहे. पिन्यासेक्काच्या बाजारात सकाळी गेले आणि जिथे स्थानिक लोकांची रांग दिसेल तिथे उभे राहिले, की तळलेला पिझ्झा, कागदी शंकूतले तळलेले मासे आणि चौघडी घालून हातात धरून खायचा पिझ्झा हे सर्व स्वस्तात मिळते.

शाकाहारी माणसाला मात्र इथे गाईड खरोखर उपयोगी पडतो, कारण नेपल्सच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांत डुकराची चरबी अनेक ठिकाणी असते. मिरी घातलेले कडक ताराल्ली तिच्यातच मळलेले असतात. स्फोल्यातेल्ला रिच्चा या पापुद्र्यांच्या गोड पदार्थाचे पापुद्रे परंपरेने तिच्यानेच सुटे केले जातात. तळलेल्या पिझ्झ्यात रिकोट्टा चीजबरोबर चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. बटाट्याच्या क्रोक्केत कधी सलामी मिसळलेली असते, आणि फ्रित्तातिना या तळलेल्या पास्त्याच्या वड्यात सहसा मांस असतेच. त्यावर तळणाची कढई बऱ्याचदा माशांसाठीही तीच. विचारताना "शाकाहारी आहे का" एवढ्यावर थांबू नये, कारण विक्रेता मांसाचे तुकडे नाहीत असे प्रामाणिकपणे सांगून चरबीचा उल्लेखही करणार नाही. "स्ट्रुत्तो" म्हणजे डुकराची चरबी आहे का, असे नाव घेऊनच विचारावे.

पिझ्झ्याबाबत निश्चिंत राहता येते. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढ्याचाच तो असतो, आणि सुमारे ४८० अंशांच्या लाकडाच्या भट्टीत मिनिट-दीड मिनिटात भाजला जातो. या कारागिरीला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळाले. मारिनाराला चीजही नसते: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीजमधील प्राणिज रेनेट ज्यांना वर्ज्य आहे, त्यांनीही मारिनारा निर्धास्त मागवावी. कांदा-लसूणही वर्ज्य असणाऱ्यांनी लसूण वगळायला सांगावे. सहल घ्यायचीच असेल तर आरक्षणाआधी आयोजकाला लिहून प्रत्येक थांब्यावर आपल्याला काय मिळेल याची यादी मागवावी. "शाकाहारी पर्याय उपलब्ध" एवढ्या एका ओळीवर विसंबू नये, कारण तो पर्याय म्हणजे पाच थांब्यांवर पाच वेळा मार्गेरिता असू शकतो.

ज्यांच्यासाठी गाईड लागत नाही

उरलेल्या सहलींवर थोडक्यातच बोलता येईल. मेट्रोच्या कला-स्थानकांची फेरी एका साध्या तिकिटात स्वतः करावी. २०१२ मध्ये उघडलेल्या तोलेदो स्थानकात ऑस्कार तुस्केत्सने जिन्यावर निळ्या मोझेइकने समुद्रात उतरल्याचा जो आभास निर्माण केला आहे, तो समजावून घ्यावा लागत नाही. स्पॅनिश वस्तीतले १९९० चे मॅराडोनाचे भित्तिचित्र आणि त्याभोवतीचे भक्तिभावाने सजवलेले आवार फुकट पाहता येते. त्याच्या काळात नेपल्सच्या फुटबॉल संघाने मिळवलेली १९८७ आणि १९९० ची इटालियन अजिंक्यपदे या शहरासाठी काय होती, हे तिथल्या दुकानदाराशी बोललात तर गाईडपेक्षा अधिक कळेल. उघड्या बसच्या फेऱ्या किनाऱ्याचे आणि पोसिल्लिपोचे दृश्य दाखवतात, पण जुन्या शहराच्या बोळांत बस शिरूच शकत नाही, तेव्हा चालता न येणाऱ्यांनाच त्या उपयोगाच्या. सान ग्रेगोरियो आर्मेनो या येशूजन्माच्या देखाव्यांच्या गल्लीसाठी सहल घेण्याचे कारण नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर जावे, एवढेच. सान जेन्नारोचे मानले जाणारे कुपीतले सुकलेले रक्त पातळ होण्याची वाट पाहण्याचा सोहळा १९ सप्टेंबर, १६ डिसेंबर आणि मे महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी असतो. आपल्या तारखा जुळल्या तर कॅथेड्रलमध्ये सकाळी जाऊन रांगेत उभे राहावे.

कार्यक्रम जुळवताना सर्वांत जास्त घोळ वारांचा होतो. पुरातत्त्व संग्रहालय आणि सानसेव्हेरो दोन्ही मंगळवारी बंद असतात, कापोदिमोंते आणि राजवाडा बुधवारी, तर गाल्लेरिए दितालिया सोमवारी. मंगळवार-बुधवार हे दोनच दिवस हाती असतील, तर मंगळवारी कॅटाकोंब, सानिता आणि प्यो मोंते, व बुधवारी सकाळी गाईडसह संग्रहालय आणि दुपारी सानसेव्हेरो अशी मांडणी करावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो आणि त्यामुळेच ती गजबजलेली असतात. त्या दिवशी संग्रहालयातला गाईड ठरवू नये, गटात त्याचा आवाजही पोहोचत नाही. आणि कोणत्याही फेरीसाठी पादत्राणे विचारपूर्वक निवडावीत, कारण जुन्या शहराचे रस्ते काळ्या लाव्हाच्या फरशांचे आहेत, पाऊस पडला की त्या निसरड्या होतात, आणि त्याच बोळांतून स्कूटर कोणासाठीही वेग कमी करत नाहीत.